किल्ली कुणाच्या खिशात?

माझ्या शेडमध्ये वेल्डिंग मशीनच्या वरच्या खिळ्याला एक गमबूट टांगलेला आहे. डाव्या पायाचा, नऊ नंबरचा. घोट्यापासून खाली धुतलेला पंचा पिळावा तसा पिळलेला. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा त्याच्याकडे बघतं. घाईत असलो की मी सांगतो, "नजर लागू नये म्हणून लावलाय." ट्रकमागे चप्पल बांधतात, त्यामुळे लोकांना ते पटतंही. आज वेळ आहे, म्हणून खरं लिहितो.

माझं दुकान लातूर–औसा रस्त्याला आहे. पेरणी यंत्राच्या पेट्या, मळणी यंत्राची तोंडं, कडबाकुट्टी, आणि सोयाबीनच्या तोंडावर हार्वेस्टरच्या टाक्या, असली कामं. हॉपरला आमच्याकडे कुणी पेटी म्हणतं, कुणी टाकी, कुणी नुसतं तोंड. नाव काहीही असो, घडण एकच. वर रुंद, खाली निमुळतं आणि तळाला काहीतरी फिरणारं. धान्य आपोआप खाली घसरावं म्हणून कंपनीने पत्रे उतरते आणि गुळगुळीत केलेले असतात. आत उतरलेला माणूसही त्यावर तसाच घसरतो.

चार वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. पंजाबहून आलेलं एक हार्वेस्टर दुकानासमोर उभं होतं. टाकीच्या तळाला आडवा औगर असतो, म्हणजे लांब लोखंडी बरमा. तो धान्य ओढून बाहेरच्या नळीकडे ढकलतो. त्या औगरखालचा पत्रा झिजून झिजून कागदासारखा झाला होता, आणि दोन ठिकाणी तर आरपार भोकं. हार्वेस्टरचे ड्रायव्हर, आमचे पाजी, म्हणाले, "पिछले सीजन में आधा क्विंटल तो रोड पे गया होगा." काम सोपं होतं. औगरवरची झाकणपट्टी काढायची, आत उतरायचं, पत्रा कापून नवीन तुकडा बसवायचा.

आत भाचा उतरला. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आयटीआय करून माझ्याकडे आलेला. अंगानं बारीक, म्हणून आतली कामं त्याच्याच वाट्याला. या धंद्यात बारीक पोरालाच आत घालतात आणि त्याचं कौतुकही करतात, हे आता लिहिताना जाणवतंय. बाहेर चिखल होता, म्हणून मी माझे जुने गमबूट त्याला दिले. त्याचा पाय सात नंबरचा. "मामा, हे बूट पायात पोहतायत," असं तो म्हणाला होता. मी म्हणालो, "तासाभराचं काम आहे, पोहू दे."

साडेतीनच्या सुमारास पाऊस आला. मराठवाड्यातला परतीचा पाऊस, पाच मिनिटं आधी ऊन आणि मग एकदम धो धो. शेडची ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटून फडफडायला लागली. ती बांधायला मला शिडी लागत होती. शिडी हार्वेस्टरला लावलेली. मी ती काढली आणि शेडमध्ये नेली.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. शिडी मी काढली.

पाजी समोरच्या टपरीवर चहा घेत होते. पावसात मशीन उघड्यावर, आणि टाकीतून आलेली वेल्डिंगची केबल भिजतेय, म्हणून ते धावत आले. त्यांनी वर बघितलं. शिडी नाही. म्हणजे पोरगं उतरलं, आतलं काम आवरलं, असं त्यांनी धरलं. यात त्यांची चूक काढायची तर मी कुठल्या तोंडाने काढू? ते केबिनमध्ये चढले आणि मशीन शेडखाली घ्यायला सेल्फ मारला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की भाचा आतून ओरडला असता तरी इंजिन सुरू होण्याआधी कुणाला ऐकू गेलं नसतं.

टाकीचा दांडा 'बंद'वरच होता. मग औगर फिरलाच कसा? जुन्या मशीनमध्ये औगरला चाल पट्ट्याने मिळते. दांडा ओढला की ताणपुली पट्ट्यावर बसते, पट्टा ताणला जातो आणि औगर फिरतो. दांडा सोडला की पट्टा सैल, औगर उभा. पण या मशीनच्या दांड्याची तार गंजून आखडली होती. ताणपुली पूर्ण मागे जात नव्हती. शिवाय वर्षभराचं ग्रीस आणि भुसा पट्ट्याला चिकटून त्याचा लगदा झालेला. इंजिन फिरलं तसा तो सैल पट्टाही पुलीला धरून ओढला गेला. पूर्ण जोर नव्हता. औगर फिरून फिरून दोन-अडीच फेरे फिरला असेल. भाच्याचा डावा पाय औगर आणि पन्हळीच्या मध्ये होता.

बूट गेला. दोन नंबर मोठा होता म्हणून पाय त्यातून सुटला. अंगठ्याचं नख गेलं, घोटा सुजून नारळाएवढा झाला, महिनाभर तो लंगडत होता. बरोबर मापाचा बूट असता तर ही पोस्ट मी लिहिली नसती, कारण लिहायचं धाडसच झालं नसतं.

आणखी एक गोष्ट. किंकाळी ऐकल्याबरोबर मी शेडमधून धावलो, टायरवरून वर चढलो आणि टाकीत उडी टाकली. त्या क्षणी इंजिन बंद झालं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पाजी म्हणतात बंद केलं होतं. मी बघितलं नव्हतं. म्हणजे फिरत्या औगरवर दुसरा पाय द्यायलाच मी निघालो होतो.

त्या वेळी सगळ्यांनी "काय धाडस केलं" म्हणून माझी पाठ थोपटली. मलाही तेव्हा बरं वाटलं. नंतर २०२४ च्या गुढीपाडव्याला नेवासा तालुक्यातल्या वाकडीची बातमी आली आणि ती शाबासकी घशात अडकली. पडीक विहीर, शेण साठवायला वापरलेली. तिच्यात मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. वाचला तो सहावा, कारण त्याच्या कमरेला दोर होता. उतरलेल्यांपैकी कुणीही मूर्ख नव्हता, पहिल्यानंतरचे सगळे घरच्यासाठी, शेजाऱ्यासाठीच उतरले होते. मीही असाच उतरलो होतो. फरक एवढाच की माझ्या टाकीत वायू नव्हता.

वायू नव्हता हेही त्या दिवसापुरतंच.

आमच्या आजोबांच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. मी ते वापरात बघितलं नाही, मला आठवतो तो बुजवलेला खड्डा. पण आजी सांगायची. जमिनीत माणूसभर खोल, तोंड बारीक, पोट मोठं. आत कडबा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून शेणमातीने लिंपायचं. उघडायच्या दिवशी पोराबाळांना अंगणात येऊ द्यायचे नाहीत. दगड काढून पेव तसंच उघडं ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर, आजीच्या शब्दांत, "पेवानं अजून श्वास सोडला न्हाई." कडुलिंबाची डहाळी दोराला बांधून खाली-वर हलवायची, परत कंदील सोडायचा. सांगली-हरिपूरकडे हळदीची पेवं होती, तिकडच्या लोकांकडेही असल्या गोष्टी निघतील. आपण बोलताना सहज म्हणतो की अमक्याचं पेव फुटलं. पण पेव आत काय करतं हे विसरलो. धान्य जिवंत असतं, श्वास घेतं, ओलं असलं तर जास्तच. बंद जागेत ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवतं. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसून राहतो.

आता गंमत बघा. माझ्या शेडमध्ये आम्ही ज्याला 'सीओटू वेल्डिंग' म्हणतो ते चालतं. काठीच्या वेल्डिंगपेक्षा स्वच्छ, पातळ पत्र्याला बरं. त्याच्या टॉर्चमधून, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या नळीतून, सतत जो गॅस सुटतो तो तोच, आजीच्या पेवातला. तीस किलोचं सिलिंडर असतं. एक किलो गॅस म्हणजे मोकळा केल्यावर साधारण अर्धा घनमीटर. हार्वेस्टरची टाकी अडीच-तीन घनमीटरची. म्हणजे पाच-सहा किलो गॅस तळाशी साचला की टाकी काठोकाठ. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत आम्ही टॉर्च टाकीतच ठेवून यायचो, आणि पाऊस असला तर वर ताडपत्रीही ओढायचो. टॉर्चचा व्हॉल्व्ह जरा गळका असला तर आम्ही भाकरी खात असताना स्वतःच्या हाताने पेव भरत होतो. वास नाही, रंग नाही. पाच टक्क्यांच्या आसपास धाप लागते, डोकं ठणकतं. दहा टक्क्यांच्या पुढे माणूस मिनिटांत आडवा होतो. आणि अशा तळाशी पत्रा बसवायला माणूस वाकून, तोंड खाली घालूनच काम करतो.

कारखान्यात सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका मित्राने एकदा त्याचा गॅस मीटर आणून दाखवला. चार वायू दाखवणारा, खिशात मावणारा. मी म्हणालो, हाच घ्यावा. त्याने हिशेब करून दाखवला. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. मीटर ओरडतो १९.५ च्या खाली. सीओटूने ढकलून ऑक्सिजन तिथवर खाली आणायचा तर टाकीत साडेसहा-सात टक्के सीओटू आधीच भरलेला असणार. म्हणजे मीटर ओरडेपर्यंत माणसाचं डोकं गरगरायला लागलेलं. सीओटूचा वेगळा सेन्सर असलेला मीटर लागतो, तो महाग. आजीचा कंदीलही या बाबतीत उशिराच बोलणारा. शिवाय शेणाच्या खड्ड्यावर जळता कंदील सोडणं म्हणजे भडक्याला आमंत्रण, तिथे मिथेन असतो. आणि डिझेल किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळतही नाही, कंदील छान तेवत राहतो.

म्हणून मी मीटर घेतला नाही. जेवायला उठताना टॉर्च बाहेर आणि सिलिंडरचा कॉक मुळातून बंद. परत उतरण्याआधी जुन्या कूलरचा पंखा एका लांब पाइपला बसवलाय, तो पाइप तळापर्यंत सोडून दहा मिनिटं हवा मारायची. वरून पंखा लावून उपयोग नाही, जड वायू तिथेच डुलत बसतो. काम चालू असतानाही पंखा चालूच ठेवायचा. वेल्डिंगला वारा लागतो, वेल्डच्या टाक्याला भोकं पडतात, भाचा कुरकुरतो. पंखा थोडा वळवून घेतो, पण बंद करत नाही.

जस्ती पत्र्याचं एक वेगळंच आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर बंद जागेत वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. संध्याकाळी घरी जाऊन जेवलं की हुडहुडी भरते, हिवताप आल्यासारखी. सकाळी माणूस ठणठणीत. आमच्या पिढीला वस्तादांनी यावर गूळ खायला सांगितलं, दूध प्यायला सांगितलं. गूळ मी अजून खातो, आवडतो म्हणून. पण जस्त जातं ते ग्राइंडरने आधी घासून काढल्यावर.

उजेडाचं एका ओळीत सांगतो. घामाने भिजलेला माणूस चारी बाजूंनी लोखंडात, आणि हातात २३० व्होल्टचा बल्ब, असं मीच वीस वर्षं केलंय. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशा टाकीत २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा नेऊ नये असं लिहिलेलं होतं. माझ्या तिघांच्या शेडला तो कायदा लागू नव्हता, पण वीज ते बघत नाही. आता आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बारा व्होल्टची पट्टी लावतो. उजेड उलट जास्तच पडतो.

परत किल्लीकडे येतो.

बूट टांगल्यावर पहिला नियम मी केला तो हा की जो आत जाईल, किल्ली त्याच्या खिशात. माझ्या नाही, मालकाच्या नाही, पाजींच्या नाही. आतल्या माणसाच्या. भाचा म्हणाला, "मामा, किल्लीचं काय घेऊन बसलाव, सेल्फला पाना लावला की चालू होतंय की." बरोबर होतं त्याचं. आमच्यातला प्रत्येक मिस्त्री सेल्फच्या दोन टोकांना पाना टेकवून इंजिन चालू करतो, आणि ते न जमणाऱ्याला आम्ही मिस्त्री मानतच नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची ठरली. हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. कारण वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला आम्हाला आधीपासून माहीत होतं, अल्टरनेटर जळू नये म्हणून! त्या दिवशी पावसाची घाई, "छोटासा तुकडा आहे" म्हणून ती काढली नव्हती. हजारो रुपयांच्या अल्टरनेटरसाठी वायर निघते, आत बसलेल्या पोरासाठी निघत नाही.

तर आता किल्ली खिशात, वायर काढून टोकाला रबर गुंडाळलेलं, आणि औगरचा पट्टा पुलीवरून उतरवून थेट टाकीत आतल्या माणसाच्या शेजारी. पट्टा डोळ्यासमोर असला की पोरगं निवांत काम करतं. शिडी मशीनला तारेने बांधलेली. ती सोडायची तर पक्कड लागते, आणि पक्कड हातात घेईपर्यंत माणसाला आठवतं की आत कुणीतरी आहे.

एक सवय मात्र मोडायला फार वेळ लागला. आतून "जरा फिरव" म्हणायचं आणि बाहेरच्याने हाताने पुली फिरवायची. इंजिन बंद आहे, हातानेच तर फिरवतोय. बोटं कापायला इंजिन लागत नाही. लातूरच्या बाजारात हात पुढे केलेल्या दहा मिस्त्र्यांची बोटं मोजा, शंभर भरणार नाहीत.

दुरुस्तीच्या वेळी इतकं करतो, पण खरी भीती मला सीझनची वाटते, जेव्हा मशीन माझ्या दारात नसतं. ओलं सोयाबीन टाकीत चिकटून त्याची कमान होते. खाली औगर रिकामा फिरतो, वर माल तसाच. मागे ट्रॉली थांबलेली, आभाळ भरलेलं, शेतकरी ओरडतोय. मग ड्रायव्हर हेल्परला सांगतो, "अंदर जा, पैर से दबा दे." औगर चालू, आणि पोरगं कमानीवर उभं राहून टाचेने धान्य दाबतंय. कमान ढासळली की ते धान्यासकट खाली. टाकीत पावणेदोन-दोन टन माल असतो. चालत्या धान्यात गुडघे रुतले की पाय उपसता येत नाही, आणि कमरेपर्यंत गेलेल्याला दोघांनी काखेत धरून ओढलं तरी तो निघत नाही. त्याच्या भोवतीचं धान्यच काढावं लागतं. टाकीला बाजूने खिडकी नसेल तर पत्रा कापून ते बाहेर सांडावं लागतं. सोयाबीन सांडलं म्हणून तेव्हा कुणी रडू नये.

मी दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक हार्वेस्टरला सहा फुटी बांबू देतो, टोकाला सपाट लाकडी खुंटी ठोकलेला. बाहेर उभं राहून कमान मोडायची. पैसे घेत नाही. बहुतेक जण ते बांबू चूल पेटवायला वापरतात हे मला माहीत आहे. तरी देतो.

गेल्या वर्षी तेच पाजी परत आले. तेच हार्वेस्टर, आता दुसरीकडचा पत्रा गेलेला. भाचा आता बावीसचा, लग्न ठरलेला, बूट बरोबर मापाचे. त्याने पाजींसमोर हात पसरला. पाजींनी काही न बोलता गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि स्वतःच जाऊन बॅटरीची वायर सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना निलंग्याकडे निघायचं होतं.

रात्री साडेनऊला मी जेवून पडलो तर फोन. पाजी. "चाबी?" मी म्हणालो, भाच्याकडे असेल. भाच्याला फोन लावला तर त्याने काम झाल्यावर माझ्याकडे दिलेली. माझी पँट मोरीत बादलीत. बायकोने साबणाच्या पाण्यात हात घालून किल्ली काढली, लाल गोंड्यासकट, आणि विचारलं, "ही कुणाची आणलीव घरी?"

गाडी काढून आठ किलोमीटर परत दुकानात गेलो. पाजी हार्वेस्टरच्या शिडीवर बसून वाट बघत होते. शिडी अजून तारेने बांधलेलीच होती. "पहले ये खोल," ते म्हणाले. पक्कड मात्र घरी राहिली होती.